दरीनं सांगितलेला दोर

आटपाट नगर तुम्हाला ठाऊकच आहे. त्याच्याही फार पलीकडे, जिथं जमीन संपते आणि कडा सुरू होतो, तिथं एक गाव होतं. गावापुढं दरी होती आणि दरीत बारा महिने धुकं असायचं. वारा सुटला की गावातली वाळत घातलेली धुणी उडून जायची, झाडं वाकायची, पण धुकं जागचं हलायचं नाही. दरीचा तळ त्या गावात कोणी म्हणजे कोणीच पाहिलेला नव्हता.

गावाचं पोट चालायचं मधावर. कड्याच्या अंगाला मोठाली मोहोळं लागलेली असत. माणसं कमरेला दोर बांधून खाली उतरत आणि मध काढून आणत. आता दोर किती लांब घ्यायचा, हे आधी कळायला नको का? तर त्यासाठी गावाची एक रीत होती. कड्यावर ओणवं व्हायचं आणि धुक्यात तोंड करून विचारायचं, "दोर किती?" मग गप्प राहायचं. जरा वेळानं खालून उत्तर यायचं. "आठ परस." परस म्हणजे पुरुषभर उंची, एवढं लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

तुम्ही म्हणाल, हा तर प्रतिध्वनी. अहो, प्रतिध्वनी आपलंच बोलणं परत करतो. ही दरी उत्तर द्यायची! आणि द्यायची ती विचारणाऱ्याच्याच आवाजात. आपण विचारायचं आणि खालून आपणच सांगायचं. नवख्या माणसाच्या अंगावर काटा यायचा, पण गावाला त्याचं काही वाटेनासं झालं होतं. दरी कधी चुकली नाही, असं सगळे सांगत.

दरीला एक गोष्ट मात्र विचारायची नाही, असा दंडक होता. "कसं?" हे विचारायचं नाही. एखादं पोर चुकून म्हणालं, "दरीला कसं कळतं गं?" की आई त्याच्या पाठीत धपाटा घालायची आणि घाईघाईनं त्याच्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकायची. होता होता गावात तो शब्दच बोलायचं लोकांनी सोडून दिलं. भाकरी फुगली का, तर फुगली. गाय आटली का, तर आटली. कसं आणि का, याच्या वाटेला कोणी जात नसे.

त्या गावात येसाई नावाची एक बाई होती. तोंडानं फटकळ, पण मनानं चांगली. तिला गेनू नावाचा एकुलता एक लेक. त्याचं लग्न झालं आणि सपाटीच्या मुलखातली एक मुलगी सून होऊन घरात आली. तिचं नाव अनशी. तिचा बाप विहिरी खणणारा.

अनशीनं पहिल्याच आठवड्यात दरीचं बोलणं ऐकलं आणि ती सासूला म्हणाली, "आत्याबाई, पण हे उत्तर दरीला मिळतं कसं?"

येसाईच्या हातातलं सूप खाली पडलं. "अगं बये! ह्या घरात तो शब्द काढायचा नाही. तुझ्या माहेरी असतील असल्या खोडी. इथं विचारायचं, ऐकायचं आणि कामाला लागायचं."

"पण बाबा म्हणायचे, आधी मांड, मग बोल. काय माहीत आहे, काय हवं आहे, आणि..."

"तुझ्या बाबांना म्हणावं विहिरीत बसा आणि मांडा. जा, चुलीकडे बघ."

अनशी चुलीकडे गेली. तिला राग आला होता, पण घर नवं, माणसं नवी, म्हणून ती गप्प बसली.

असेच काही महिने गेले. एके दिवशी दुपारचं जेवण करून गेनू मोहोळं बघायला निघाला. कड्याच्या पोटातून खाली जाणारी एक अरुंद पायवाट होती, तिनं तो गेला. फार खाली एक कपार होती, तिथं मोठं मोहोळ लागलंय असं त्याला कोणीतरी सांगितलं होतं. तो कपारीत पोचला आणि मागं दरड कोसळली. आवाज एवढा झाला की गावातली भांडी फळीवरून खाली आली. पायवाट जागेवर राहिलीच नाही.

सगळं गाव कड्यावर धावलं. खाली नुसतं धुकं होतं. येसाई ऊर बडवत ओरडली, "गेनूऽ! माझ्या राजाऽ!"

"आईऽ!" खालून बारीक आवाज आला. "मी आहे. लागलं नाही मला. पण कपारीची माती सुटतेय. दोर सोडा लवकर!"

आता गावात दोर होते पाच. पाच घरांत पाच वेटोळी, प्रत्येक चौदा परसांचं. लांब दोर हवा असेल तर वेटोळी एकमेकांना सांधावी लागत, आणि पीळ उकलून, पुन्हा घालून सांधा करायला बराच वेळ जाई. त्यात आणखी एक अडचण होती. दोर एकदा धुक्यात उतरला की भिजायचा, आणि भिजलेल्या दोराला सांधा धरत नसे. दोन दिवस वाळवल्याशिवाय तो पुन्हा जोडता येत नसे. म्हणजे किती वेटोळी सांधायची ते आधीच ठरवायला हवं. कमी पडलं तर गेलं वाया, आणि उगाच सगळी सांधत बसलं तर तेवढ्यात खालची माती सुटायची.

येसाई कड्यावर ओणवी झाली. "दोर किती?" तिनं विचारलं, आणि मनात म्हणाली, देवा, एकाच वेटोळ्यात भागू दे.

जरा वेळ गेला. मग खालून येसाईच्याच आवाजात उत्तर आलं. "बारा परस."

"ऐकलंत? बारा!" येसाई उठलीच. "एक वेटोळं बास झालं. सोडा रे!"

"थांबा," अनशी म्हणाली. "आत्याबाई, त्यांचा आवाज किती लांबून येतोय, ऐकलंत ना? हे बारा नाही वाटत. मोजून बघू या."

"माझं पोर तिकडं लटकलंय आणि तू मोजत बसणार?"

गावच्या म्होरक्यानं तर वाटही पाहिली नाही. त्यानं आपल्या घरचं वेटोळं आणलं, खडकाला टोक बांधलं आणि दोर खाली सोडून दिला. दोर धुक्यात गेला. क्षणभर काही नाही. मग दोराला हिसका बसला.

"धरला!" खालून आवाज आला. गेनूचाच आवाज. "ओढा!"

लोकांनी एकच गलका केला. सहा गडी दोराला लागले. दोर जड होता, भरलेल्या मोटेएवढा जड. ते ओढत गेले, ओढत गेले. येसाई हात पसरून कड्याच्या टोकाशी उभी होती. दोराचं टोक वर आलं. टोकाला फास होता, सोडताना नव्हता तो, माणसाच्या कमरेएवढा, नीट गाठ मारलेला. फासात कोणी नव्हतं.

वर येईपर्यंत दोर जडच होता. टोक कड्यावर आलं आणि मग एकदम हलकं झालं.

तेवढ्यात फार खालून, कुठल्या कुठून, बारीक हाक आली. "आईऽ, अगं सोडताय ना दोर? मला अजून दिसत नाही!"

म्होरक्याच्या हातातून दोर गळून पडला. तो दोन पावलं मागं सरला आणि खालीच बसला. अनशीलाही भीती वाटली, का नाही वाटणार? पण तिनं पदर खोचला, सासूचा हात धरला आणि म्हणाली, "चला माझ्याबरोबर. आता हे आपण दोघींनी करायचं."

तिनं दोन हात लांब सुतळीला खडा बांधला आणि तो हातात लोंबता धरला. खडा इकडून तिकडं हेलकावे घेऊ लागला. "हा बघा. इकडून तिकडं गेला की एक झोका. जीव घाबरलाय आपला, तोंडानं मोजायला गेलो तर भराभर मोजू. हा खडा घाबरत नाही. सगळीकडे हाच वापरायचा."

कड्यावरून तिनं हाक दिली. "अहो! ऐकताय का? कपारीत आत सरका. मी दगड टाकतेय. पडला की सांगा!"

सगळ्यांना गप्प करून तिनं दगड सोडला. येसाई खड्याकडे बघत होती. एक झोका. दोन. तीन. चौथा झोका पुरा होतो न होतो तोच खाली खट्ट झालं. "माझ्या पुढ्यातच पडला!" गेनू ओरडला.

"चार झोके," येसाई म्हणाली. "आता?"

"आता आधी माहीत काय आहे ते बघू. चावडीची माडी किती उंच?"

"तीन परस. माझ्या सासऱ्यांनीच बांधली."

दोघी पळत माडीवर गेल्या. वरून दगड टाकला. एका झोक्यात खाली.

"झालं की मग!" येसाई म्हणाली. "एका झोक्याला तीन परस. चार झोक्यांना चारत्रिक बारा. दरीनं बाराच सांगितलं होतं! अगं, दरी खरंच बोलत होती!" असं म्हणत ती निघालीसुद्धा.

अनशीनं तिला दंडाला धरून थांबवलं. "आत्याबाई, ओट्यावरून उडी मारली तर काय होतं?"

"काय व्हायचंय?"

"आणि या माडीवरून मारली तर?"

"पाय मोडेल."

"का?"

त्या गावात असं येसाईला कोणी कधी विचारलं नव्हतं. ती खाली बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "लांबून पडलं की... खाली येईस्तोवर वेग वाढत जातो."

"मग दगडाचाही वाढत असेल ना? पहिल्या झोक्यात तो तीन परस गेला. दुसऱ्यात तेवढाच कसा जाईल? चला विहिरीवर."

गावची विहीर पाण्यापर्यंत बरोब्बर बारा परस. रोज पोहरा सोडणाऱ्या बाईला ते सांगावं लागत नाही. अनशीनं दगड टाकला. येसाई खडा धरून होती. एक झोका, दोन झोके आणि डुबुक.

"दोन झोके!" येसाई ओरडली. "दोनच झोक्यांत बारा परस? आणि मी चार झोक्यांना बारा म्हणत होते!"

"आता मांडा," अनशी म्हणाली. "तुम्हीच मांडा. मी सांगून उपयोग नाही."

येसाई विहिरीच्या काठी उकिडवी बसली आणि खडे गोळा करून मांडू लागली. पहिल्या झोक्याचे तीन खडे. दोन झोक्यांचे मिळून बारा, म्हणजे दुसऱ्या एकट्याचे किती? तिनं बारातले तीन बाजूला काढले. नऊ उरले. तिनं पुन्हा मोजले, पुन्हा नऊच.

"तीन, मग नऊ," ती पुटपुटली. "सहा वाढले. मग तिसऱ्याला आणखी सहा वाढतील? पंधरा?"

"वाढतील असं वाटतंय. पण वाटून चालायचं नाही, पडताळा हवा." अनशीनं डोळे मिटले आणि आठवलं. "आमच्या माहेरच्या बारवेत दगड टाकला की पाण्याला लागायला तीन झोके लागत. बाबांनी एवढ्याच सुतळीवर दाखवलं होतं. आणि ती बारव सत्तावीस परस खोल."

येसाईनं पंधरा खडे मांडले आणि तिन्ही ढिगांवरून बोट फिरवलं. "तीन आणि नऊ बारा. बारा आणि पंधरा... सत्तावीस! अगं, जमलं! बरोब्बर जमलं!"

"मग चौथ्याचे?"

"एकवीस. सगळे मिळून अठ्ठेचाळीस." येसाईचा चेहरा पांढरा पडला. "अठ्ठेचाळीस परस खाली आहे माझं लेकरू. एक वेटोळं नाही पुरायचं, तीनही नाही पुरायची. उरलेली चारही सांधली पाहिजेत!"

ती उठून अशी धावली की तिचं वय कोणी सांगितलं नसतं. "आणा रे सगळे दोर! सांधा! बघत काय राहिलात!" ज्यांना सांधा येत होता ते सगळे बसले. सूर्य कलला तसं एरवी जागचं न हलणारं धुकं कड्याच्या काठापर्यंत चढून आलं. मधूनमधून गेनूची हाक येत होती, आणि मधूनमधून त्याच आवाजात दुसरी हाक येत होती, जरा जवळून. "एवढा कशाला? बारा परस बास. लवकर सोडा." लोक माना खाली घालून पीळ घालत राहिले.

सांधे झाले. टोकाला मोठा फास केला. दोर सोडायला सुरुवात झाली. पहिला सांधा कड्याखाली गेला. दुसरा सांधा गेला. आणि दोराला हिसका बसला.

"धरला!" गेनूचा आवाज आला. स्पष्ट, जवळून. "आई, ओढ!"

गडी थांबले. सगळ्यांनी येसाईकडे पाहिलं.

"आई, ओढ ना गं! पाय सुटतोय माझा! आईऽ!"

काय सांगू तुम्हाला, तो आवाज लहानपणी पडून गुडघा फुटला की गेनू जसा रडायचा तसा होता. येसाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. म्होरक्या म्हणाला, "येसाई, या वेळी खराच असला तर? ओढू या." अनशीनं काही म्हटलं नाही. ती नुसती सासूकडे बघत राहिली. कारण आता तिनं सांगून उपयोग नव्हता.

येसाईनं पदरानं तोंड पुसलं. "तीन," ती म्हणाली. "नऊ. पंधरा." मग कड्याच्या काठावरून जाणाऱ्या दोराकडे बघितलं. "दुसरा सांधा आत्ताच गेला. म्हणजे अठ्ठावीस परस. तिसऱ्या झोक्याजवळच आहे अजून दोर. शेवटचे जवळजवळ वीस बाकी आहेत. मी माझ्या हातानं मांडलेत ते खडे. माझा लेक एवढ्या वर असूच शकत नाही." आणि ती ओरडली, "सोडा! आणखी सोडा!"

"आई, तू मला मारतेस!" आवाज किंचाळला.

"सोडा म्हणते ना!"

गड्यांनी दोर सोडला. तो जड दोर एकदम हलका झाला आणि सरसर खाली गेला. तिसरा सांधा गेला. धुक्यात आता सगळं चिडीचूप होतं. दोर जात राहिला. वरच्या खडकाशी थोडाच उरला आणि येसाईनं डोळे मिटून घेतले.

"आला!" फार खालून बारीक आवाज आला. "आला गं आई! हातात आला! किती वेळ लावलात? थांबा, कमरेत घालू दे. डावा हात घातला. आता उजवा. गाठ बघतो. बसली. हं, आता ओढा!"

ओढला. दोर जड होता आणि काठावर आला तरी जडच राहिला. टोकाला मातीनं माखलेला गेनू होता. अनशी लोकांदेखत त्याच्या गळ्यात पडून रडली, आणि त्या दिवशी कोणी तिला नावं ठेवली नाहीत. येसाईनं लेकाचं तोंड दोन्ही हातांत धरलं, चाचपलं, पुन्हा चाचपलं.

पाणी प्यायल्यावर गेनू म्हणाला, "आई, खाली मला सारखा तुझा आवाज येत होता. अगदी कानाशी. म्हणत होतीस, दोर आलाय, डोक्यावरच आहे, धुक्यानं दिसत नाही, मार उडी."

"मी? मी नाही रे!"

"मीही म्हटलं, आई असं सांगायची नाही. दोन वेळा तर उडीच घेणार होतो. मग खाली पाहिलं." त्यानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. "कपारीच्या अगदी धारेवर वहाणा आहेत, आई. जुन्या, शेवाळलेल्या. जोडीजोडीनं काढून ठेवलेल्या. सगळ्यांची तोंडं दरीकडे. पाय घसरू नये म्हणून काढून ठेवल्या असतील आणि मग उडी मारली असेल. खूप जोड्या आहेत."

दरी कधीच चुकली नाही, असं सगळे इतकी वर्षं सांगत आले होते. ज्यांच्या बाबतीत ती चुकली, ते सांगायला वर आलेच नव्हते, आणि गाव म्हणायचं, पाय घसरला.

खालून, धुक्यातून, येसाईच्या आवाजात कोणीतरी गोड हाक मारली. "येसाई, अजून काही विचारायचंय?"

"नाही," येसाई म्हणाली. ती लेकासुनेचा हात धरून उठली आणि घराकडे चालू लागली.

तर मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, या गोष्टीचं तात्पर्य असं: आयतं मिळालेलं उत्तर आपल्याला हवं तेच बोलतं. काय माहीत आहे आणि काय हवं आहे ते आपल्या हातानं, एकेक पायरी करत मांडलेलं उत्तरच भीतीच्या वेळी आपल्याला धरून ठेवतं.